आधी टायर, मग ब्रेक ऑइल, शॉकअप सगळ्यात शेवटी

गाडी रोज जळगाव-भुसावळ जाते-येते. महिन्यातून एखादी चक्कर चाळीसगाववरून कन्नडचा घाट चढून संभाजीनगरला, आणि पावसाळ्यात एकदा तरी तोरणमाळ. छोटी पेट्रोल हॅचबॅक, ७२ हजार किलोमीटर, पुढे डिस्क, मागे ड्रम, टायर १६५/८० आर १४. तक्रारी तीन होत्या. घाट उतरून आलं की ब्रेकचं पेडल स्पंजासारखं लागायचं आणि नेहमीपेक्षा दोन बोटं खाली जायचं. गतिरोधकावर पुढून डावीकडे 'खट' वाजायचं. आणि चार माणसं, डिकीत सामान असं घेऊन हायवेला ऐंशीच्या वर गेलं की एका उंचवट्यावर मागचा भाग उसळायचा आणि दोन-तीन हेलकावे घेतल्याशिवाय बसायचा नाही.

स्विफ्ट, टियागो, ग्रँड आय-टेन या गटातल्या गाड्यांची ठेवण एकच असते: पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबावर, मागे टॉर्शन बीम, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारी, पीळ खाणारी तुळई, तिच्यावर स्प्रिंग आणि शॉकअप. म्हणून पुढचं बहुतेक सगळं या गाड्यांना थोड्याफार फरकानं लागू पडेल.

पहिल्या गॅरेजमध्ये गाडी एकदा हातानं दाबून निकाल मिळाला: "सस्पेन्शन गयं भाऊ, बठ्ठं बदली टाका", म्हणजे सगळंच बदलून टाका. मोबाइलवर शोधलं तर निराळीच यादी निघते: गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग, भोकं पाडलेल्या डिस्क, मोठं कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा), लाल रंग. या यादीतली एकही वस्तू वरच्या तीन तक्रारींपैकी एकीवरही उपाय नाही. म्हणून आधी मोजायचं ठरलं आणि खर्चाचं नंतर बघायचं.

तपासणीला एक सकाळ पुरते. गाडी जॅकवर उचलून लगेच स्टँडवर ठेवायची, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. चाक वर-खाली पकडून हलवलं आणि खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे पकडून खेळ लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टेअरिंगचे सांधे. लिंक रॉड (दोन चाकांमधल्या स्टॅबिलायझर बारला सस्पेन्शनशी जोडणारी दांडी) बघताना मात्र एक चूक हमखास होते. एकच चाक उचललं की स्टॅबिलायझर बारला पीळ बसतो, रॉड ताणून राहतो आणि ढिला सांधाही घट्ट वाटतो. दोन्ही चाकं उचला किंवा दोन्ही जमिनीवर ठेवा, मग रॉड मुठीत धरून हलवा. आमचा डावीकडचा रॉड बोटांनी टकटक वाजला. 'खट'चा निम्मा उलगडा तिथेच झाला.

लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, मागच्या बुशमध्ये (रबरी सांध्यात) सळई घालून हलकं उचकटलं, तर रबराला आरपार भेग, दोन्ही बाजूंना. मागचे शॉकअप तेलानं ओले होते. यातला फरक ओळखता यायला हवा. वरच्या सीलजवळ धूळ चिकटलेला नुसता ओलसर थर दिसला तर घाबरायचं कारण नाही, तेवढा घाम प्रत्येक शॉकअपला येतो. तेल ओघळून खालच्या अर्ध्या नळीपर्यंत आलं असेल तर तो गेला. पुढचे दोन्ही कोरडे होते. गाडी दाबून किती वेळा उसळते ते बघायची जुनी रीत आजच्या गाड्यांवर फारशी चालत नाही. इतक्या सावकाश हालचालीत अर्धवट गेलेला शॉकअपही पास होतो.

टायरवर तळहात फिरवायचा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट फिरवताना दाते लागले, किंवा ठरावीक अंतरावर खळगे लागले, तर चाक रस्त्यावर नाचतं आहे. आमच्या मागच्या टायरवर तसे खळगे होते. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३११८ म्हणजे २०१८ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी अजून तीन मिलिमीटर शिल्लक होती, कायद्याच्या १.६ पेक्षा जास्त, पण रबराला नख लागत नव्हतं इतकं ते कडक झालं होतं. इकडच्या उन्हात आठ-आठ तास उभ्या राहणाऱ्या गाडीचं टायर झिजून संपण्याआधी म्हातारं होतं.

म्हणून पहिला पैसा टायरला.

ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतं ते टायर. ऐंशीच्या वेगाला म्हणजे सेकंदाला २२ मीटर. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड (घर्षणाचा गुणांक) ०.८ धरली तर गाडी साधारण ३१ मीटरमध्ये उभी राहते, पावसात ती ०.५ वर आली तर ५० मीटर लागतात. पाय ब्रेकवर जायला लागणारा एक सेकंद, म्हणजे आणखी २२ मीटर, दोन्हीकडे त्यात मिळवायचे. हे अंतर कोणत्याही महाग पॅडनं कमी होत नाही, कारण छोट्या गाडीचे साधे ब्रेकही चाक जागेवर जाम करण्याएवढे ताकदवान असतातच. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागू लागला याचा अर्थ ब्रेकची ताकद संपली असा नाही, रबराची संपली. सावद्याकडून आलेला केळीचा ट्रक पुढे एकदम थांबला की जे काय वाचवतं ते हेच.

माप बदलायचं का, यावर बराच काथ्याकूट झाला. १६५/८० आर १४ चा बाहेरचा व्यास ६२० मिलिमीटर येतो. (१६५ चे ८० टक्के म्हणजे १३२, त्याची दुप्पट २६४, त्यात १४ इंच रिमचे ३५६.) या मापाच्या काही गाड्यांच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतात, त्याचा व्यास ६२१.५, म्हणजे स्पीडोमीटर आणि एबीएस दोघांनाही फरक कळणार नाही. १९५/५५ आर १६ चाही व्यास जवळपास तोच, ६२१. पण पहिल्यात रस्ता आणि रिम यांच्यामध्ये १३२ मिलिमीटर रबर आहे, दुसऱ्यात १२०, तिसऱ्यात १०७. हायवे चौपदरी झाल्यापासून जळगाव-भुसावळला सोळा इंचीही निभेल. विदगाववरून चोपड्याला जायचं असेल तर नाही. तापीकाठची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर तिच्याबरोबर वर-खाली होतं, कडा तुटतात. त्या कडेवर पातळ टायर आपटला की बाजूला फुगा येतो आणि अलॉय असेल तर तडा. जुनेच १४ इंची रिम ठेवून १८५/७० आर १४ घेतले. व्यास ६१५, फरक एक टक्क्याहून कमी, रुंदी २० मिलिमीटरनं जास्त. रिम साडेपाच इंच रुंद असल्याची आधी खात्री केली, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवून टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासत नाही हेही बघितलं. रुंद टायरनं स्टेअरिंग किंचित जड होतं आणि पेट्रोलही थोडं जास्त लागतं, ते मान्य करूनच घ्यायचं.

हवेबद्दल एक गैरसमज खान्देशात घट्ट बसलाय: उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो. प्रत्यक्षात उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, जास्त तापते आणि फुटतो तो त्यानं. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयनं वाढतो, त्यामुळे सकाळी २५ अंशांत भरलेली हवा दुपारी ४५ अंशांत तीन-साडेतीन पीएसआय जास्त दाखवणारच. कंपनीनं तो हिशोब आधीच धरलेला असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जो आकडा चिकटवलाय तो थंड टायरचा. सकाळी भरायची, दुपारी गरम टायरमधून सोडायची नाही. चार माणसं आणि सामान असेल तर त्याच चिकटपट्टीवर मागच्या चाकांचा जास्तीचा आकडा असतो, तो फारसं कोणी वाचत नाही. आमच्या तिसऱ्या तक्रारीतला थोडा भाग नुसत्या तेवढ्यानं कमी झाला.

आता ब्रेक. घाटात ब्रेक 'जातात' त्याचे प्रकार दोन आणि ते पायाला वेगवेगळे कळतात. पेडल घट्ट आहे, जोर लावतोय, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून घसरतायत. पेडलच खाली चाललंय, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. तेल दबत नाही, वाफ दबते, म्हणून पायाचा जोर वाफ दाबण्यात संपतो. खाली येऊन अर्धा तास चहा घेतला की वाफेचं परत द्रव होतं आणि पेडल पहिल्यासारखं लागतं. मग मिस्त्रीला दाखवायला नेलं की तो म्हणतो, ब्रेक तर चांगलेच आहेत.

उष्णता किती होते ते एकदा कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. गाडी आणि माणसं मिळून १,२०० किलो, उतार समजा ३०० मीटर. १,२०० गुणिले ९.८ गुणिले ३००, म्हणजे ३५ लाख ज्यूल. पुढच्या दोन्ही डिस्क मिळून दहा किलो बीड धरलं आणि सगळी उष्णता तिथेच अडकली, तर डिस्क सातशे अंशांच्या वर तापेल. वारा, मागचे ड्रम आणि इंजिन वाटा उचलतात म्हणून तेवढं होत नाही. पण न्यूट्रलमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून उतरणाऱ्यानं इंजिनचा वाटा स्वतःच्या हातानं काढून टाकलेला असतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुन्या एसटी ड्रायव्हरांचं गणित आजही तेवढंच बरोबर आहे. तोरणमाळसारख्या, ११०० मीटरच्या वरून सपाटीवर येणाऱ्या रस्त्याला तर त्याला पर्यायच नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. त्याचे दर्जे 'डॉट' आकड्यांनी ओळखतात. नवं डॉट-३ किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० ला. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. डॉट-५.१ चे २६० आणि १८०. ही दुसरी संख्या महत्त्वाची, कारण दोन वर्षांनी आपल्या गाडीत प्रत्यक्षात जे असतं ते त्याच्या आसपासचं. आमच्या रिझर्व्हायरमधलं तेल काळ्या चहाच्या रंगाचं होतं आणि ते कधी बदलल्याची नोंद सर्व्हिस बुकात नव्हती. झाकणावर डॉट-३ लिहिलेलं असलं तरी डॉट-४ चालतं, दोन्ही एकाच जातीची. डॉट-५ मात्र सिलिकॉनचं, नावात पाच असलं तरी ५.१ शी त्याचं काही नातं नाही. ते यात चुकूनही मिसळायचं नाही.

डॉट-४ च्या अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या घेतल्या. उघडून ठेवलेली बाटली दुकानदार स्वस्तात देत असेल तरी नको, तिनं पाणी पिऊन झालेलं असतं. आधी मोठ्या सिरिंजनं रिझर्व्हायरमधलं जुनं तेल ओढून नवं भरलं. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर तेलाला देणारा भाग, उजवीकडे असतो, म्हणून जुनं तेल काढायचा क्रम सगळ्यात लांबच्या चाकापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एबीएसवाल्या काही गाड्यांत कंपनी वेगळा क्रम देते, तिथे मॅन्युअलचं ऐकायचं. चाकाजवळच्या तेल सोडायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या नव्या तेलात बुडवलेलं. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल पाव फेरा उघडून बंद करायचं, आणि बंद झालं असं त्यानं तोंडानं सांगितल्याशिवाय पहिल्यानं पाय उचलायचा नाही. चाकागणिक दहा-बारा वेळा केलं की नळीतला चहा पिवळट पाण्यासारखा होतो. एकूण पाऊण लिटर गेलं.

यात दोन गोष्टी बिघडतात. रिझर्व्हायर रिकामं झालं की हवा एबीएसच्या डब्यात शिरते, मग ती काढायला स्कॅनर लागतो. म्हणून दर चार-पाच दाबांनी तेल बघायचं. दुसरी, पेडल पार तळापर्यंत दाबलं जातं. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं सील निम्म्याच वाटेवर फिरतं, त्यापुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज-गाळ असतो. सील त्यावरून गेलं की फाटतं, आणि ब्रेक ऑइल बदलल्यावर आठ दिवसांत मास्टर सिलिंडर गेला अशी तक्रार येते. पेडलखाली दोन इंची लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळतं. सांडलेलं तेल पुसू नका, पाण्यानं धुवा, नाहीतर रंगाचा पापुद्रा निघतो.

पॅड काढले तेव्हा डाव्या चाकात बाहेरचा साडेचार मिलिमीटर आणि आतला अडीच. दोन्हींची झीज सारखी हवी. आतला जास्त झिजला तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या बहुधा जाम झालेल्या असतात. तशाच होत्या: खालची पिन पाण्यानं गंजलेली, रबरी बूट फाटलेला. हे न बघता नुसते नवे पॅड घातले असते तर तेही सहा महिन्यांत तिरपे झिजले असते. पिन पॉलिश पेपरनं साफ केली, नवा बूट घातला, आणि सिलिकॉन ग्रीस. बेअरिंगचं पिवळं ग्रीस इथे लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. गॅरेजमध्ये हाताशी तोच डबा असतो, म्हणून सिलिकॉनची ट्यूब स्वतः घेऊन गेलेलं बरं. काम चालू असताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेनं स्प्रिंगला बांधायचा.

पॅडच्या पाठीवर किंवा कडेला दोन इंग्रजी अक्षरांचा संकेत बहुधा छापलेला असतो. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातलं घर्षण, दुसरं तापल्यावरचं. 'ई' म्हणजे ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' त्याच्या वर ०.५५ पर्यंत. 'एफई' दिसलं तर तापल्यावर पकड उतरणार हे तिथेच लिहिलेलं आहे. रोजच्या गाडीला 'एफएफ' भरपूर झालं. ट्रॅकचे पॅड गरम झाल्यावरच पकडतात. सकाळी घरून निघताना पहिल्या चौकात ते नको असतात, शिवाय डिस्क खातात. गाडीच्या कंपनीचे किंवा नावाजलेल्या ब्रेक कंपनीचे पॅड, छापील बिलासह, एवढ्यावर थांबलो. नकली मालाचा सुळसुळाट या वस्तूत बराच आहे.

डिस्क बदलली नाही. तिच्या मध्यावर किंवा कडेला किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरनं चार ठिकाणी मोजली, शिल्लक होती. साधा व्हर्निअर कडेच्या उंच झालेल्या ओठावर बसतो आणि जाडी जास्त दाखवतो, तेवढं सांभाळायचं. ब्रेक मारताना पेडल थरथरलं की 'डिस्क वाकली, लेथवर मारा' असं लगेच सांगतात. पुष्कळदा डिस्क आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्यात गंजाचा कण अडकलेला असतो, नाहीतर हवेच्या गननं नट कमी-जास्त आवळलेले असतात. हबचा चेहरा तारेच्या ब्रशनं चकचकीत केला आणि नट समोरासमोरच्या क्रमानं टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानं, बसवले. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. भोकं पाडलेल्या डिस्कचा विषय इथेच संपवतो: भोकाच्या कडेपासून तडे जातात, आणि आपल्याकडच्या चिखलात भोकं बुजतात.

मागच्या ड्रमला कमी लेखतात. उघडले तेव्हा वाटीभर काळी धूळ निघाली. ती कंप्रेसरनं उडवायची सवय वाईट आहे, स्वस्त लायनरमध्ये (ड्रमला घासणाऱ्या अस्तरात) अॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर मारून ओली करून पुसायची. व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलून आत ओल आहे का बघितलं, लायनर शिल्लक होते, अॅडजस्टर फिरवून ड्रमला निसटता स्पर्श होईल इतके उघडले. पेडल वर यायला यानंसुद्धा मदत झाली.

नवे पॅड बसवल्यावर ते डिस्कशी जुळवावे लागतात. सकाळी सहाच्या आत, मागे कोणी नाही असं बघून, ६० वरून १० पर्यंत मध्यम जोरानं ब्रेक, पुन्हा ६०, असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवून थंड करायची. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून सिग्नलला उभं राहिलं की पॅडचा छाप तिथेच चिकटतो आणि पुढे थरथर सुरू होते.

सस्पेन्शनला सगळ्यात शेवटी हात घातला. लिंक रॉड दोन्ही बदलले, ते काम वीस मिनिटांचं. लोअर आर्मची फक्त बुश दाबून घालता येते, पण बॉल जॉइंटही ७२ हजारांचा होता म्हणून अख्खे आर्म घेतले. इथे जी चूक होते ती डोळ्यांना दिसत नाही. गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळत असताना मिस्त्री बुशचा बोल्ट पूर्ण आवळतो. बुशमधलं रबर त्या स्थितीत पक्कं होतं. गाडी खाली उतरली की आर्म वर येतो आणि रबराला कायमचा पीळ बसतो. सहा महिन्यांत बुश फाटते आणि दोष पार्टला जातो. बोल्ट आधी हातानं बसवायचे, गाडी चाकांवर उभी करून दोनदा हलवायची, मग शेवटचा टॉर्क द्यायचा. टॉर्शन बीमच्या बुशला आणि मागच्या शॉकअपच्या खालच्या बोल्टलाही हाच नियम. मिस्त्रीला हे सांगताना थोडा वाद होतो. होऊ द्यावा.

शॉकअप निवडताना पहिला प्रश्न: आपल्याला काय कमी करायचंय, डुलणं की आपटणं? स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप त्या स्प्रिंगची उसळी जिरवतो. काळ्या जमिनीवरच्या रस्त्याला लांब लाटा असतात, त्यावर डुलणं थांबवायचं काम शॉकअपचं. स्प्रिंग कडक केली तर उसळी उलट जोरात येते आणि जुन्या शॉकअपला ती आवरत नाही. म्हणून मूळ स्प्रिंगा ठेवल्या. मूळ लांबीचे, गॅस भरलेले दुहेरी नळीचे शॉकअप घेतले, गॅब्रिएल, मन्रो, केवायबी या पट्टीतले. गॅसच्या दाबानं आतलं तेल कमी फेसाळतं, एवढाच साध्या तेलाच्या शॉकअपपेक्षा फायदा. खराब रस्त्यावर सलग तासभर चालवल्यावर तो कळतो. कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड, रोजच्या गाडीला अजिबात नको. स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफरही नकोत: दोन वेढे जाम होतात, ताण शेजारच्या वेढ्यावर जातो आणि स्प्रिंग तिथे तुटते. गाडी खाली बसते ही तक्रार असेल तर बसलेली स्प्रिंग बदलायची, तिच्यात ठिगळ लावायचं नाही.

फक्त मागचे दोनच बदलायचे होते. पण स्टेअरिंग पूर्ण वळवताना पुढून स्प्रिंग 'टण्ण' करायची, म्हणजे स्ट्रटच्या माथ्यावरचं बेअरिंग अडकत होतं. त्यासाठी स्ट्रट उतरवावाच लागतो. उतरवल्यावर दिसलं की बंप स्टॉपचा (शॉकअप तळाला आपटू न देणाऱ्या बफरचा) चुरा झालाय आणि धुळीचा बूट फाटलाय. शॉकअप उभा धरून दांडा हातानं दाबला, तर मध्ये एका जागी हात रिकामा गेला. बाहेरून कोरडा होता तरी आतून संपलेला. मजुरी तीच, म्हणून पुढचे दोन्हीही घेतले, सोबत माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप आणि बूट. हे चार किरकोळ भाग वाचवून नुसता शॉकअप बदलणं हा सगळ्यात महाग पडणारा स्वस्तपणा.

स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन हुक समोरासमोर, सारखे फिरवत दाबायचे. दबलेल्या स्प्रिंगसमोर तोंड न्यायचं नाही, ती सुटली तर हाड मोडते. नवा शॉकअप गोदामात आडवा पडलेला असतो, त्यामुळे आतल्या तेलात हवा मिसळते. बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण खाली-वर करायचा. माथ्याचा नट गननं आवळला की दांडा आत गरगर फिरतो आणि नवं सील पहिल्याच दिवशी खरचटतं. दांडा एलन कीनं धरून नट हातपान्यानं. स्प्रिंगचं टोक खालच्या बशीच्या खाचेत बसलंय का, ब्रेक होज आणि एबीएसची वायर आपापल्या क्लिपमध्ये गेली का, हे चाक चढवण्याआधी एकदा बोटानं तपासायचं.

स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांना भोकात थोडा खेळ असतो, तेवढ्यानं कँबर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलतो. काढण्याआधी खूण केली तरी अलाइनमेंट टळत नाही. ती त्याच दिवशी केली आणि रबर बसल्यावर, ५०० किलोमीटरनंतर, पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, थोडा सरकलेला निघाला.

कागदपत्रांचा मुद्दा छोटा पण विसरण्यासारखा नाही. मूळ मापाचे शॉकअप, पॅड, बुश बदलणं ही दुरुस्ती. गाडीची नोंदलेली मूळ रचना बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ कडक लावलाय. गाडी उंच करणारं लिफ्ट किट किंवा लोअरिंग स्प्रिंग घालून अपघात झाला तर विमा कंपनी हेच कलम पुढे करू शकते.

कन्नडचा घाट त्यानंतर चार माणसांसह दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये दोनदा उतरून झाला, पेडल होतं तिथेच राहिलं. मागचं डुलणं एका हेलकाव्यावर आलं. पुढून पुन्हा बारीक 'टक' सुरू झालं ते चौथ्या दिवशी. उजव्या स्ट्रटच्या माथ्याचा नट अर्धा फेरा ढिला होता, सस्पेन्शनच्या कामानंतर परत येणाऱ्या गाड्यांत पुष्कळदा हेच सापडतं. गाडी जमिनीवर ठेवून तो आवळला, सगळ्या चाकांचे नट पुन्हा तपासले, आणि रिझर्व्हायरच्या झाकणाजवळ ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख लिहून कागदी चिकटपट्टी लावली. पुढची तारीख बरोबर दोन वर्षांची, तीही त्याच पट्टीवर.